आबांचा लायटर

लायटरच्या पोटातून परकराची नाडी निघाली तेव्हा मी आधी हसलो. दुरुस्ती करणारे बाबा हसले नाहीत. त्यांनी ती चिमट्याने उचलली, उजेडात धरली, वास घेतला आणि बाजूला वर्तमानपत्रावर ठेवली. वात संपली होती, दुसरी मिळाली नसेल, म्हणून कुणीतरी सुती नाडीचा तुकडा ओवला होता. आणि ज्याने ओवला त्याला काम येत होतं, असं त्यांचं मत पडलं.

हे सगळं धुळ्यात, पाचकंदीलजवळच्या एका बोळात, टेबलाएवढ्या दुकानात. पण लायटर जळगावचा.

अप्पा जाऊन तीन वर्षं झाली. आईने यंदा दिवाळीच्या आधी लोखंडी कपाट आवरायला काढलं, तेव्हा आतल्या खणात खोबरेल तेलाचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात अप्पांचा एसटीचा बिल्ला, एक बंद पडलेलं घड्याळ, दोन किल्ल्या (कुठल्या कुलपाच्या, देव जाणे) आणि आबांचा लायटर.

आमच्या घरात त्या लायटरला इतिहास होता. आबा, म्हणजे माझे आजोबा, भुसावळला रेल्वेत होते. इंजिनात कोळसा टाकायचं काम. १९४७ साली कुणी गोरा साहेब मायदेशी निघाला, त्याने जाताना हा लायटर आबांच्या हातात ठेवला, ही गोष्ट. लहानपणी मी ती इतक्यांदा ऐकली होती की साहेबाची टोपीसुद्धा मला दिसायची. अप्पा ती रंगवून सांगायचे. त्यांना एसटीत स्टिअरिंगमागे बसून बोलायला मिळायचं नाही, त्याची भरपाई घरी व्हायची.

मी हे लपवत नाही, की डबा उघडल्यावर माझ्या मनात आठवणींच्या आधी पैसे आले. झिप्पो कंपनीचा लायटर, १९४७ च्या आधीचा, म्हणजे परदेशात गोळा करणारे लोक काय देतील? मी दहा मिनिटं मोबाइलवर तेच बघत होतो. झिप्पो ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या ब्रॅडफर्ड गावची कंपनी. जॉर्ज ब्लेसडेल नावाच्या माणसाने ती १९३२ साली सुरू केली आणि पहिला लायटर १९३३ साली बाजारात आला. तेव्हाची किंमत १.९५ डॉलर. एका ऑस्ट्रियन लायटरवरून त्याला कल्पना सुचली. बिजागरीचं झाकण, एका हाताने उघडायचं, आणि वातीभोवती भोकं पाडलेली जाळी, त्यामुळे वाऱ्यात विझत नाही. दुसऱ्या महायुद्धात कंपनीचे लायटर अमेरिकी सैन्यालाच जात होते, आणि ते काळे, खरबरीत रंगाचे असत. क्रोमियम तेव्हा युद्धाला लागत होतं.

आमचा लायटर मात्र चकाचक क्रोमचा होता. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही. पैशाचा विचार चालू असला की माणसाला क्रोम दिसत नाही.

तो पेटत नव्हता. चाक फिरतच नव्हतं, अंगठा दुखेपर्यंत दाबलं तरी. बंद लायटरला कोण किंमत देणार, म्हणून आधी दुरुस्ती. गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करणारा माझा एक दोस्त आहे, त्याला दाखवला. त्याने उलटासुलटा करून, ‘याला चार्जिंग पोर्ट कुठे आहे?’ असं विचारलं आणि स्वतःच हसला. मग म्हणाला, धुळ्याला बघ, तिकडे अजून असली कामं करणारे म्हातारे आहेत.

जळगावातही पूर्वी होते म्हणे. स्टोव्ह, छत्री, कुलूप, टॉर्च, लायटर, सगळं एकाच माणसाकडे. नंतर दहा रुपयांचे प्लॅस्टिकचे गॅस लायटर आले, बुडाला छोटा टॉर्च लावलेले, आणि दुरुस्तीचा प्रश्नच संपला. संपला की फेका. तरी आपली माणसं ते फेकत नव्हतीच. टपरीच्या बाजूला गॅसचा डबा घेऊन बसणारे ‘वापरा आणि फेका’ लायटरसुद्धा पुन्हा भरून देत. या स्वस्त लायटरचा सगळ्यात मोठा फटका बसला तमिळनाडूतल्या काडेपेटीवाल्यांना. डिसेंबर २०२१ मध्ये काडेपेटी एका रुपयाची दोन रुपयांची झाली, चौदा वर्षांनी. त्यांनी सरकारकडे बरीच ओरड केली आणि जून २०२३ मध्ये वीस रुपयांपेक्षा कमी किमतीच्या लायटरच्या आयातीवर बंदी आली. तुमच्या टपरीवरचा लायटर महागला असेल तर त्यामागे शिवकाशी आहे.

असो. मी रविवारी सकाळच्या एसटीने धुळ्याला निघालो.

जळगाव–एरंडोल–पारोळा–धुळे. नव्वदेक किलोमीटर. अप्पांनी हा रस्ता किती वेळा केला असेल याचा हिशोब मी पारोळ्यापर्यंत मनात करत होतो, मग सोडून दिला. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या गाडीतून जायचो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. पारोळ्याला गाडी थांबली की ते उतरायचे, स्टँडच्या कडेला भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मला वाटायचं, लघवीला. पाठीमागून निळसर धूर वर यायचा. मी आईला कधी सांगितलं नाही. त्यांनी मला सांगू नको असं कधी म्हटलंही नाही, फक्त गाडीत परत चढताना शेवेची पुडी हातात द्यायचे.

कारण अधिकृतपणे अप्पांनी सिगारेट सोडलेली होती. माझ्या जन्माच्याही आधी.

बाबांनी लायटर हातात घेतला, झाकण दोनदा उघडून मिटवलं. तो विशिष्ट ‘टिक’ आवाज आला. आत एक छोटी कमान असते, तिला पोलादी पट्टी दाबून धरते, त्यामुळे झाकण उघडं राहतं किंवा घट्ट मिटतं. आवाज तिचा. ती चांगली आहे म्हणाले. मग विचारलं,

‘कोना शे हाऊ?’

‘मना आबाना,’ मी म्हणालो. माझी अहिराणी एवढीच. आई लेवा पाटीदारांच्या गल्लीत वाढलेली, घरात बोली वेगळी.

त्यांनी आतला डबा बाहेरच्या खोळीतून ओढून काढला. ज्यांनी झिप्पो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण आत बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लायटर म्हणजे दोन डबे, एकात एक. बाहेरचा नुसता कपडा. आतल्या डब्यात कापूस ठासलेला असतो, पेट्रोल त्या कापसात राहतं. कापसातून वात वर येते. बाजूला एक पितळी नळी, तिच्यात ‘दगड’, दगडाखाली स्प्रिंग, स्प्रिंगखाली स्क्रू. स्प्रिंग दगडाला वर चाकाकडे ढकलत राहते. अंगठ्याने चाक फिरवलं की दात दगडाला खरवडतात, ठिणगी उडते, वातीजवळच्या वाफेला लागते. झालं. सेल नाही, सर्किट नाही.

त्यांनी स्क्रू सोडवला. स्प्रिंग उडी मारून बाहेर यायला हवी, ती अर्धवट आली. नळीतून दगड आलाच नाही. त्यांनी डबा टेबलावर आपटला. करड्या रंगाची भुकटी पडली.

‘दगड सडी गया.’

दगड सडतो? मला गंमत वाटली. पण तो दगड नसतोच. आपण त्याला दगड म्हणतो ते जुन्या चकमकीवरून. चकमकीत गारगोटी असते दगडाची आणि तुकडा पोलादाचा. गारगोटी पोलादाला खरवडते, पोलादाचा कण जळतो, ती ठिणगी. सावरीच्या कापसावर ती झेलायची आणि फुंकायची. आपल्या खानदेशातल्या काळ्या खडकाच्या पोटात गारगोट्यांना तोटा नाही. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींमधून निघणारे स्फटिक तर जगभरचे संग्राहक विकत घेतात. लायटरमध्ये मामला उलटा आहे. चाक पोलादाचं आणि कडक, आणि ‘दगड’ हाच मऊ धातू. लोखंड आणि सिरियमसारख्या धातूंचं मिश्रण. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं. याच माणसाने त्याआधी गॅसबत्तीचं मॅन्टल शोधलं होतं, म्हणजे आपल्याकडे वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे त्या बत्त्यांमधली ती पांढरी जाळीची पिशवी. मॅन्टलला लागणारं थोरियम मोनाझाइट नावाच्या वाळूतून काढायचं, त्यात सिरियम उरायचं, त्या उरलेल्या मालाचं काय करायचं या प्रश्नातून लायटरचा दगड निघाला. मोनाझाइट केरळच्या किनाऱ्यावर भरपूर आहे.

तर सिरियमला हवेतली ओल चालत नाही. लायटर वापरात असेल तर दगड झिजून संपतो, सडायला वेळच मिळत नाही. पण नुसता पडून राहिला, मध्ये दोन-तीन पावसाळे गेले, तर तो ओल पिऊन फुगतो, भुसभुशीत होतो आणि नळीत गच्च बसतो. चाकसुद्धा त्यातच अडकतं. आपल्याकडे हा सगळ्यात नेहमीचा बिघाड. इथे लोक एक चूक हमखास करतात, जोर लावून चाक फिरवतात. त्याने दात बोथट होतात आणि मग नवीन दगड टाकूनही ठिणगी पडत नाही. मी घरी अर्धा तास तेच करत होतो, हे बाबांना सांगितलं नाही.

त्यांनी सायकलचा एक स्पोक घेतला, टोक घासून चपटं केलेला. तो खालून नळीत घालून बोटांनीच हळूहळू फिरवत राहिले. ड्रिल नाही. पितळ मऊ असतं, ड्रिलने नळी जाते. मध्ये मध्ये आपटायचं, भुकटी झटकायची, पुन्हा फिरवायचं. पंचवीस मिनिटं. मी दोनदा घड्याळाकडे बघितलं.

‘बठ. घाई नको करू.’

मी बसलो.

नळी मोकळी झाली. चाक त्यांनी जुन्या टूथब्रशने घासलं. मग बुडाची नमद्याची पट्टी उचलली, कापूस काढायला. तो काळा आणि कडक झाला होता. तिथे नाडी निघाली. आणि नमद्याच्या खाली, कापसात खोचलेले, तीन दगड. जास्तीचे दगड तिथे ठेवायची रीत जुनी आहे, लायटर ऐन वेळी दगा देऊ नये म्हणून. दोन दगडांची चिमटीत माती झाली. तिसरा शाबूत होता, दोन मिलिमीटर जाडीचा, पेन्सिलीच्या शिशासारखा.

मी तो तळहातावर घेतला. अप्पांनी ठेवलेला. आबांनी नाही, एवढं तर कळत होतंच. आबांच्या काळचा दगड टिकलाच नसता.

बाहेरच्या खोळीच्या बुडाला एक कापडी चिकटपट्टी होती, मळून काळी. पेट्रोल झिरपून पँटचा खिसा ओला होतो आणि मांडीची कातडी भाजल्यासारखी लाल होते, ते थांबवायचा कुणाचा तरी प्रयत्न असणार. तसं ते थांबत नाही, पेट्रोल वरून बिजागरीजवळून येतं. बाबांनी पट्टी पेट्रोलने भिजवून खरवडली. खाली अक्षरं होती. मधे कंपनीचं नाव, डाव्या बाजूला इंग्रजी जी, उजवीकडे रोमन आकडा, आठ.

मला दहा मिनिटांच्या अभ्यासातून हे माहीत होतं. ही कंपनी प्रत्येक लायटरच्या बुडावर तारीख ठोकते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून २००० सालापर्यंत वर्ष रोमन आकड्यात, १९८५ म्हणजे एक. महिना अक्षरात, ए म्हणजे जानेवारी. मी बोटांवर मोजलं. जी म्हणजे सातवा. आठ म्हणजे १९९२.

जुलै १९९२.

आबा वारले १९९० च्या उन्हाळ्यात.

मी पुन्हा मोजलं. नकली असेल, असंही म्हणून बघितलं. बाबा म्हणाले, ‘असली शे.’ ते बिजागरीची सांधणी बघून सांगत होते, आणि मला ते नको होतं. नकली असता तर साहेब वाचला असता.

बाबांनी नवीन कापूस भरला, साधा, औषधाच्या दुकानातला. थोडा थोडा, वातीला नागमोडी घेत. कापसाच्या जिल्ह्यातून आलेल्या लायटरला कापसाचा तोटा कशाला. वात त्यांच्याकडे स्टोव्हची होती, बारीक करून ओवली. नाडी टाकू का, असं त्यांनी विचारलं. मी खिशात घातली. दगड तोच टाकला, अप्पांचा. मग पेट्रोल. खरं तर याला शुद्ध केलेला नॅप्था लागतो, पेट्रोलला वास येतो आणि काजळी धरते, पण मिळणार कुठे. रॉकेल टाकू नका, ते पेटत नाही. रॉकेलची वाफ साधारण ३८ अंशांच्या वर गेल्याशिवाय पेट घेण्याइतकी होत नाही. मे महिन्यात जळगावात चालेलही, ते वेगळं. भरल्यावर हात आणि लायटर दोन्ही पुसून, जरा वेळ जाऊ देऊन मगच पेटवायचा. मी हे सांगतोय कारण मी घरी येऊन दुसऱ्यांदा भरताना ते केलं नाही, आणि उजव्या अंगठ्यावर अजून डाग आहे.

पहिल्याच फेऱ्यात पेटला.

बाबांनी साठ रुपये घेतले. मी शंभर दिले तर चाळीस परत केले.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी उतरलो. मी दिवसाला चार सिगारेटी ओढतो, हे आईला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत आहे. त्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. २००८ पासून सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहे, तरी माझ्या आधीच्यांची थोटकं पायाशी होती. लायटर काढला. मग कंडक्टरने घंटी मारली आणि मी तसाच चढलो. त्याच्यामुळे म्हणा.

अप्पांना सीओपीडी होता. शेवटचे आठ महिने घरात ऑक्सिजनचं मशीन होतं, पलंगाशेजारी, दिवसरात्र घरघरणारं. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्या खोलीत ज्योत नको, उदबत्तीसुद्धा नको. आईने देवघर व्हरांड्यात हलवलं. लायटर तिने तेव्हाच कपाटात टाकला असणार. अप्पा कधी कधी अर्धवट झोपेत उजव्या हाताचा अंगठा हलवायचे, वरून खाली, वरून खाली. नर्सबाई म्हणायच्या, झटके आहेत का, दाखवून घ्या. आम्ही न्यूरॉलॉजिस्टकडे नेऊन आणलं. काही निघालं नाही. मला त्या गाडीत बसून पहिल्यांदा कळलं तो अंगठा काय करत होता. आईला तेव्हाच कळलं असेल.

घरी आलो तेव्हा आई तूर निवडत होती. मी लायटर पेटवून दाखवला. तिने ज्योतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘आई, हा आबांचा नाही.’

‘हं.’

‘१९९२ चा आहे. खाली लिहिलंय.’

‘मग असेल.’ तिने एक खडा बाजूला टाकला. ‘आबा जन्मभर बिडी ओढायचे. काडेपेटीवर. एक काडी दोघांत वापरायचे, एवढे चिकट. त्यांना कोण साहेब लायटर देतो?’

‘तुला माहीत होतं?’

मग तिने तुकड्या तुकड्यांनी सांगितलं, तूर निवडतच. लग्न १९९१ चं. तिला वासाने मळमळायचं. अप्पांनी आबांची शपथ घेतली, सोडली म्हणून. पुढच्या वर्षी पँट धुवायला घेतली तर खिशात हा. तिने विचारलं. अप्पा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, आबांचा आहे. आठवण म्हणून ठेवलाय.

‘आणि साहेब?’

‘साहेब नंतर आला. तू विचारायला लागलास तेव्हा.’

‘तू बोलली नाहीस.’

‘नवीन लग्न. घरात सासू. आबांचं नाव घेतल्यावर सासूबाई रडायला लागल्या, तो लायटर कपाळाला लावला. मग मी काय बोलू?’ ती थोडी थांबली. ‘नंतर बोलायचं राहूनच गेलं. दर वेळी वाटायचं, आता काय.’

मी खिशातून नाडी काढून तिच्यासमोर ठेवली. तिने ती ओळखली. रंग गेलेला होता, तरी. ‘बदामी परकराची आहे,’ म्हणाली, ‘मी किती शोधली.’ आणि मग ती हसली की काय ते मला नीट दिसलं नाही, तिने सूप उचललं आणि आत गेली.

लायटर विकायचा विषय निघाला नाही. १९९२ च्या साध्या क्रोमच्या लायटरला किंमतही नाही, मी बघितलं. पेट्रोल चार-पाच दिवसांत उडून जातं. आपल्याकडच्या उन्हात त्याहून लवकर. मी एकदा पुन्हा भरलं, अंगठा भाजला, मग भरलं नाही. सिगारेटी चारच्या तीन झाल्या आहेत, त्याचं श्रेय कुणाला द्यावं हे मला ठरवता येत नाही आणि एवढ्यात द्यायचीही घाई नाही.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला लायटर गेला. तो वेगळ्या जातीचा. आत एक स्फटिक असतो, त्यावर स्प्रिंगची हातोडी आपटते, दाबाने वीज तयार होते आणि टोकाशी ठिणगी पडते. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली शोधला. टोकाला तेलकट काजळी बसली की ठिणगी क्षीण होते, सॅंडपेपरने घासलं तर बहुधा चालू होतो. मी ते करायला बसणार होतो. काडेपेटी ओली झालेली, भाजी कापून तयार, आणि आई घाईत.

‘अरे, अप्पांचा लायटर आण ना.’

‘त्यात पेट्रोल नाही, आई.’

‘ठिणगी पडते ना?’

पडत होती. मी आतला डबा बर्नरपाशी तिरका धरला, आईने बटण फिरवलं. दुसऱ्या फेऱ्यात शेगडी पेटली.

‘हात काढ,’ ती म्हणाली आणि कढई ठेवली.